कॉलरमागचा हिरवा टाका

धायरीच्या त्या निवासगृहात बौद्धिक अपंगत्व असलेले प्रौढ राहतात. मी तिथे त्यांच्या हक्कांची पत्रकं वाटायला गेलो होतो. धुतलेल्या कपड्यांचा एकच ढीग, आणि हाताला येईल तो शर्ट कुणाच्याही अंगात चढवायची तिथली पद्धत. एक मावशी मात्र प्रत्येकाच्या कॉलरमागे वेगळ्या रंगाचा टाका घालत बसल्या होत्या.

व्यवस्थापक वैतागले, "मावशी, नाश्ता गार होतोय. कुठलाही घाला, त्यांना काय कळतंय?"

माझं डोकं तडकलं, पण मावशीच आधी बोलल्या, "उद्या तुम्ही माझ्या नवऱ्याचा शर्ट घालून या साहेब, मग बोलू."

तेवढ्यात चाळिशीच्या एका गृहस्थांनी ढीग उपसून हिरवा टाका शोधला, शर्ट छातीशी धरला. "माझा!"

माझ्या पत्रकात सगळे हक्क होते, स्वतःच्या शर्टाचा नव्हता. मी मावशींकडे सुई मागितली.