एकोणसाठावं गाणं

आमच्या मजल्यावर तीन दारं. एक माझं, एक वर्षानुवर्षं कुलूपबंद, आणि मधलं नंबरकाकांचं. हे नाव त्यांना इमारतीतल्या पोरांनी ठेवलं. एका चष्म्याच्या दुकानात ते एकेचाळीस वर्षं डोळे तपासून नंबर काढतात, म्हणून. त्यांचं नंबर काढण्याचं दुसरं काम पोरांना ठाऊक नव्हतं. मला ते कळलं, कारण त्यासाठी त्यांना रेघा मारलेला कागद लागायचा आणि माझ्या रेघा सरळ येतात.

मी एका गोदाम कंपनीच्या आकडेवारी विभागात आहे. चौदा शाखांकडून दरमहा किती माल आला, किती गेला याचे आकडे येतात, ते मी तक्त्यात बसवतो. बारा वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका रविवारी नंबरकाका दारात उभे राहिले. हातात मोठा कोरा कागद.

“तुम्ही तक्ते करता ना? मला एक करून द्या. अठ्ठावन्न ओळी, सात खाने. शेवटचा जरा रुंद, शेऱ्यासाठी.”

“कशाचा तक्ता?”

“गाण्यांचा,” ते म्हणाले, आणि चोरी पकडल्यासारखे जिन्याकडे बघू लागले.

ती गाणी एका चौकडीची होती. एके काळी रेडिओवर दिवसातून चारदा वाजणारा चौघांचा बँड. पुढे तो फुटला आणि चौघांनी आपापले अल्बम काढले. काकांच्या घरात त्या चौघांना त्यांच्या नावांनी कधी कोणी हाक मारली नाही. टोपीवाला, लांबुडका, ड्रमवाली आणि मुका, ही नावं काकांच्या मुलीने ठेवलेली. मुका म्हणजे की-बोर्ड वाजवणारा. चौकडीत असेपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही, आणि बँड फुटल्यावर मात्र एकटाच गायला.

तक्त्यात चौकडीची छत्तीस गाणी होती आणि एकेकट्यांची बावीस. खाने असे: क्रम, गाणं, कोणाचं, बाबा, ठमी, सरासरी, शेरा. ठमी म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. खरं नाव चांगलं आहे, पण काकांच्या तोंडून मी ते ऐकलेलं नाही.

दरवर्षी जानेवारीत मी नवा तक्ता आखून द्यायचो. माझी बायको म्हणायची, “एकाला गाण्यांचं वेड, दुसऱ्याला रेघांचं. देवाने शेजार बघून दिला.”

यादीचा जन्म काकांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितला. त्यांची बायको गेली तेव्हा ठमी नऊ वर्षांची होती. घरात दोन माणसं आणि बोलायला विषय नाही. “पोरीशी काय बोलायचं, मला सुचेना. दुकानात दिवसभर एकच वाक्य बोलायची सवय. तेच घरी बोललो.”

ते वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत काका गिऱ्हाइकाच्या नाकावर एक जड फ्रेम चढवतात, तिच्यात काचा सरकवतात आणि विचारतात, “आता बघा, हे पहिलं… आणि हे दुसरं. कोणतं बरं?” सगळ्यात स्वच्छ कोणतं, असं ते कधी विचारत नाहीत. त्याने माणूस गोंधळतो म्हणे. दोन समोर ठेवायची, एक निवडायला लावायचं, मग निवडलेल्यासमोर तिसरं. असं चालत चालत गिऱ्हाईक म्हणतं, “दोन्ही सारखीच दिसतात,” तेव्हा काका खूश होतात. नंबर सापडला, काम संपलं.

घरी त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि टेपरेकॉर्डरवर दोन गाणी लावली. हे पहिलं, हे दुसरं, कोणतं बरं? ठमीने उत्तर दिलं. आईच्या जाण्यानंतरचं तिचं ते पहिलं धड वाक्य होतं, असं काका सांगतात. तेव्हापासून दर रविवारी दुपारी हा खेळ. नियम एकच: “दोन्ही सारखीच” म्हणायला बंदी. सारखीच म्हटलं की तपासणी संपते, आणि ती संपवायची नव्हती.

बँड फुटला तेव्हा भांडण झालं. काकांचं म्हणणं, एकेकट्यांची गाणी वेगळ्या यादीत जावीत, चौकडी ती चौकडी. ठमी तेव्हा बारा वर्षांची. ती म्हणाली, “घर सोडून गेलं की माणूस घरचा राहत नाही का?” काका हरले. हा किस्सा त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितला असेल, आणि दर वेळी शेवटी मान हलवून, “काय बोलली बघा पोरगी!”

पुढे ठमीनेही घर सोडलं. आधी शिकायला, मग नोकरीला. ती आता दूरच्या एका शहरात विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावते. रात्रीअपरात्री कोणी आजारी पडलं की फोन तिला. मी तक्ते आखायला लागलो तेव्हा ती आपली मतं फोनवर सांगायची. काकांचा मोठा आवाज मला भिंतीतून ऐकू यायचा, आमची भिंतच पातळ. “तेविसावं? अगं, त्याला तेविसावं म्हणजे अन्याय आहे!” पुढे जानेवारीतला तो आवाज बंद झाला, पण तक्ता भरून तयार असायचाच.

आकडे बघण्याचा माझा धंदा. त्यानंतर तीनचार वर्षांनी मी एकदा म्हणालो, “काका, तुमच्या खान्यात दरवर्षी फेरफार असतात. ठमीच्या खान्यात मात्र एकही आकडा हललेला नाही.”

“मताची पक्की आहे ती,” काका म्हणाले आणि कागदाची गुंडाळी केली.

मी पुढे विचारलं नाही. ज्या शाखेचे आकडे दरमहा तेच येतात, त्या शाखेत कोणी मोजत नसतं, हे मला कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलं होतं.

गेल्या वर्षाच्या शेवटी एक नवल घडलं. सव्वीस वर्षांनी चौकडी एकत्र आली आणि एक नवं गाणं काढलं. एकच. काका जिन्यातच मला गाठून म्हणाले, “एकोणसाठावं आलं!” मी विचारलं, कितवा क्रम देणार? तर म्हणाले, “असा कसा देणार? ठमीची तपासणी व्हायला हवी. जुन्यांचं मला माहीत आहे, पण या गाण्यावर तिचं मत काय, मला कुठून कळणार?”

तेवढ्यासाठी त्यांनी तिला बोलावलं. कामाचा जवळच दौरा होता, तिनेही एक रविवार काढला. आठवडाभर घरात आवराआवर चालली होती. दोन्ही खुर्च्यांचे पाय त्यांनी घट्ट केले. मला सांगितलं, “दुपारी तीनला या. पट्टी आणा. ओळ वाढवायची आहे.”

मी गेलो. ठमी आता अडतिशीची, डोळ्यांखाली झोप साठलेली, हसरी. “या काका. रेघावाले काका ना तुम्ही? बाबा फार कौतुक करतात तुमचं. म्हणतात, माणूस कोरडा आहे, पण रेघ सरळ मारतो.”

“ठमे!” काका ओरडले.

“बरं, आता फार सरळ मारतो म्हणतात असं सांगते.”

मी टेबलाशी बसलो. ते दोघे समोरासमोरच्या खुर्च्यांत. काकांनी आधी ठमीच्या खान्यातलं पहिलं गाणं लावलं, ‘जिन्यातला दिवा’. मुक्याचं, एकट्याचं. “हे पहिलं,” ते म्हणाले. दुकानातलाच आवाज. गाणं चालू असताना ठमीचा फोन दोनदा थरथरला. दुसऱ्या वेळी तिने तो पालथा घातला. मग नवं गाणं. “आणि हे दुसरं.” तेही संपलं. काका खुर्चीच्या अगदी कडेवर आले होते.

“कोणतं बरं?”

ठमी खुर्चीत मागे टेकली. “खरं सांगू? दोन्ही सारखीच वाटतात.”

“असं चालत नाही. नियम माहीत आहे ना?”

“माहीत आहे, बाबा. पण सारखीच वाटतात. मी आता गाणी ऐकतच नाही हो. कानात दिवसभर फोन असतो. घरी आलं की कोणी काही वाजवू नये असं वाटतं.”

काका हसले, पण खुर्चीच्या कडेवरून मागे सरले नाहीत. ठमीने काहीतरी करायचं म्हणून टेबलावरचा तक्ता ओढला. तिचं बोट तिच्या खान्यावरून खाली उतरत गेलं.

“हे काय? माझा खाना कोणी भरला?”

“तूच म्हणालीस, तुम्हीच भरा.”

“कधी?”

“नोकरी बदलून गेलीस तेव्हा. नऊ वर्षं झाली.”

“बाबा, तेव्हा दारात टॅक्सी उभी होती! मी त्या एका दिवसापुरतं म्हणाले!”

“मग दर वेळी तुला कशाला त्रास द्यायचा? मला तुझी आवड पाठ आहे.”

“काय पाठ आहे?”

“‘जिन्यातला दिवा’. कायम एक नंबर. माझं बारावं आहे ते, पण तुझ्यासाठी दर रविवारी लावतो. अजून लावतो.”

टेबलावरची पेन्सिल ठमीने इकडून तिकडे दोनदा लोळवली.

“मला ते गाणं कधी आवडलंच नाही, बाबा. तो गातोय की कण्हतोय तेही कळत नाही.”

“मग एक नंबर कसा?”

“ते सगळ्यात लांब होतं.”

“लांब?”

“गाणं चालू असेपर्यंत तुम्ही या खुर्चीत बसायचात. संपलं की उठायचात, स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचात, आणि मग बराच वेळ बाहेर यायचा नाहीत. आधी ‘उशिराची बस’ लांब होतं, पाच मिनिटांचं. मग मुक्याचं हे आलं, सहाचं. म्हणून तर तेव्हा भांडले तुमच्याशी. मी जे वर ठेवेन, तेच तुम्ही जास्त वेळा लावायचात ना.”

एवढ्यात पालथा फोन पुन्हा थरथरला. ठमीने तो उचलला, “एक मिनिट हं,” म्हणाली आणि गॅलरीत गेली. तिथून तिचं बोलणं ऐकू येत होतं, कोण आजारी, कोणाच्या जागी कोण. ते वीस मिनिटं चाललं. मी पट्टी उचलली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातून तिच्या बॅगेची चाकं पायरीपायरीवर आपटत खाली गेली.

पुढच्या रविवारी काका माझ्याकडे आले. काखेत पुठ्ठ्याची पेटी, तिच्यात कॅसेट आणि सीडींची सगळी कव्हरं.

“एक खाना वाढवा. लांबीचा.”

कव्हरांवर गाण्यांची मिनिटं-सेकंदं छापलेली असतात. ठमीच्या खान्याच्या क्रमाने ते एकेक गाणं काढून वाचत गेले, मी लिहीत गेलो. सहा दहा. पाच बावन्न. पाच अठ्ठेचाळीस. पाच पन्नास. पाच एकवीस. तिसऱ्या आणि चौथ्यात दोन सेकंदांची चूक, बाकी सगळे आकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे उतरत गेले. तळाशी दोन मिनिटं पाच सेकंदांचं एक गाणं होतं, काकांचं सगळ्यात लाडकं.

“एकेचाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय मी,” काका म्हणाले.

मग त्यांनी खिशातून खोडरबर काढलं आणि ठमीचा खाना वरपासून खालपर्यंत खोडला. कागद तिथे पातळ झाला.

“आता इथे काय? शून्य लिहायचं?”

“शून्य नाही,” मी म्हणालो. “शून्य म्हणजे मोजलं, आणि काही नव्हतं. शाखेकडून आकडे आलेच नाहीत, तर आम्ही आडवी रेघ मारतो.”

“आणि सरासरी?”

“आकडे येईपर्यंत काढत नाही.”

“मग मारा रेघा.”

मी एकोणसाठ आडव्या रेघा मारल्या. नव्या गाण्याच्या ओळीत, स्वतःच्या खान्यात काकांनी एकतीस लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, “बरं आहे. जरा घाईत केलंय.” कव्हरं पेटीत नीट लावली आणि गेले. चहा घेता का विचारलं, तर नको म्हणाले.

दुपारी भिंतीपलीकडे ‘जिन्यातला दिवा’ लागलं. बारा वर्षं मी ते दर रविवारी ऐकत आलोय, आणि त्यामागोमाग येणारे आवाजही: गाणं संपतं, खुर्ची सरकते, नळ सुटतो. त्या दिवशी गाणं संपलं तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. खुर्ची सरकली नाही. नळही सुटला नाही. थोड्या वेळाने तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.