उपवासाचे शिंगाडे

इथे सुरतेत बाजाराच्या तोंडाशी उकडलेल्या शिंगाड्यांचा मातकट वास आला, की मला धुळ्याकडचा आमचा तलाव आठवतो आणि त्यात गुडघाभर चिखलात उभी असलेली आई. त्या तलावात आम्ही शिंगाड्याचे वेल लावायचो, घर त्यावरच चालायचं. त्या वर्षी कॉलेजच्या एक बाई पानं-फळं तपासायला घेऊन गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "ताई, पाण्यातले जड धातू वेलात साठलेत, शिसं आहे. कुणाला खायला देऊ नका." नेमका नवरात्राच्या तोंडावर व्यापारी टेम्पो घेऊन हजर. त्याने एक वेल उपटला, पाण्यावर फेकला आणि म्हणाला, "जड शे म्हने! मंग हाऊ तरंगस कसा, अक्का?" काठावरचे सगळे हसले, मलाही ते पटल्यासारखं झालं. आई मात्र हसली नाही. "मढं बी तरंगस, भाऊ," ती म्हणाली. "म्हनीसन तुनी मायले उपासले देशी का?" टेम्पो रिकामा गेला. आम्ही सगळे वेल उपटले आणि शेळ्यांच्या तोंडी लागू नयेत म्हणून खड्ड्यात पुरले. माझी शाळा त्याच वर्षी सुटली. परमुलखात उद्या काम राहील की नाही, ही धास्ती मला रोज असते. पण आमच्या हातचं विष कुणाच्या फराळात गेलं नाही, हे आईचे उपकार. तलावात ते कुणी सोडलं, हे मी गावी गेलो की अजून चारचौघांत विचारतो. लोक गप्प बसतात. मी बसणार नाही.