अत्तराच्या डबीचं अक्षर

आमच्या शहरात पाट्यांपासून पत्रिकांपर्यंत सगळं अरबीत. माझी वहिनी ती अरबी अक्षरं काढते, म्हणजे छपाईसाठी अक्षरांचा अख्खा संच, टाइप, घडवते. तिचा एक टाइप लोकांनी अगदी डोक्यावर घेतला. प्रत्येक अक्षराची शेपटी लांबवलेली, वेलीसारखी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावरून फिरवलेली. काढला होता एका अत्तराच्या डबीसाठी. मग तो लग्नपत्रिकांवर गेला, मिठाईच्या खोक्यांवर गेला, पडद्यांवरसुद्धा गेला. वहिनी खूश, आणि आम्ही घरचे फुकटात मिरवून घ्यायचो.

मग कुणा शहाण्यानं तो इस्पितळाला लावला. नव्या इमारतीत प्रत्येक दाराच्या काचेवर तीच अक्षरं, तीही सोनेरी, म्हणजे ऊन आलं की नुसती चकाकी.

त्या दुपारी बाबांना धाप लागली. मी चाकाची खुर्ची ढकलत होते, वहिनी पुढे पळत होती. तातडीच्या विभागाचं दार कुठलं, ते तिला कळेना. अक्षरं तिनंच काढलेली, आणि घाबरलेल्या डोळ्यांना त्यातला शब्दच लागेना! आम्ही घुसलो ते थेट धोबीखान्यात. मळक्या चादरींच्या ढिगासमोर बाबा बसलेले, ओठ निळे पडलेले. शेवटी दरवानानं धावत येऊन योग्य दारात नेलं. थोडक्यात वाचले.

बाबा सावरल्यावर आम्ही दोघी संचालकांना भेटलो. गृहस्थ हसून म्हणाले, "तुम्हीच का त्या? काय देखणं अक्षर! तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनीचा आवाज चढला. "अत्तर हुंगणाऱ्याला घाई नसते, साहेब! तुमच्या दारात माणूस जीव मुठीत धरून येतो. उतरवा ते."

"अहो, पाहुणे त्याचे फोटो काढतात."

पाहुणे म्हणे! जसं काही लोक तिथं नटूनथटून येतात.

वहिनी तडक खाली आली. दरवानाकडून कागद घेतला, जाड मार्करनं त्यावर 'तातडी' एवढाच बिनशेपटीचा ठसठशीत शब्द लिहिला आणि कागद त्या दारावरच्या सोन्यावरच डकवला. साहेबांनी फाडायला लावला. तिनं पुन्हा जाऊन डकवला. तोही फाडला.

परवा बाबांना तपासायला नेलं, तर कागद जागेवर होता. बाबांनी लांबूनच, चष्मा न लावता, मोठ्यानं वाचला. "हे झकास काढलंस, सूनबाई."

वहिनी बघतच राहिली. अक्षर वेडंवाकडं होतं, तिचं नव्हतंच.

दरवान हळूच म्हणाला, "दिवसभर बोट दाखवून हात दुखतो, ताई. साहेबांनी फाडला की मीच नवा लिहितो."