आजींचा फ्लिमल

जर्मन बोलणाऱ्या प्रौढांना किती शब्द येतात, हे मोजणारी एक चाचणी आम्ही इथल्या विद्यापीठात तयार करतोय. कुणी उगाच हो म्हणतं का ते कळावं म्हणून खऱ्या शब्दांत काही बनावट शब्द मिसळलेत, आणि चाचणी नीट मोजते का हे आधी लोकांना बसवून पाहतोय. काल आलेल्या एका आजींनी 'फ्लिमल'पुढे 'ओळखते' अशी खूण केली.

"हा शब्द जर्मनमध्ये नाही. आम्हीच रचलाय," मी नंतर सांगितलं.

"आहे की," त्या म्हणाल्या. "लहानपणी रात्री मोठी माणसं जागी असली की दाराखालून उजेडाची रेघ दिसायची. मी आणि माझी बहीण तिला फ्लिमल म्हणायचो. बहीण गेल्या हिवाळ्यात गेली." मग त्या हसल्या. "चूकच धरा. आता कुणाला कळतोय तो?"

नियमाप्रमाणे मी चूक धरली. पण वाटत राहिलं, शब्द नुसता येऊन भागत नाही. तो ऐकून "हो ना" म्हणणारं कुणीतरी लागतं.

संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर आभाळ भरून आलं. "आता कोसळणार," मी मराठीत मोठ्यानं बोलून गेले. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या जरा लांब सरकून उभ्या राहिल्या.