मेणकाकांचा तिसरा हात

बूट-चपला शिवणाऱ्या मेणकाकांना देवाने दोन हात दिले होते, तिसरा त्यांनी स्वतः कमावला. तो म्हणजे डाव्या पायाचा अंगठा. दोऱ्याचं एक टोक या अंगठ्याला अडकवायचं, दुसरं दातात धरायचं आणि ताणलेल्या दोऱ्यावरून मेणाचा गोळा सरासर फिरवायचा. चाळीस वर्षं हेच. कपड्यांना, हातांना मेणाचा वास, म्हणून नावही तेच पडलं.

एके दिवशी चपला ठोकायची तीन पायांची लोखंडी ऐरण फळीवरून सटकली आणि नेमकी त्याच पायावर बसली. दोन हाडं मोडली. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं, तेव्हा आतून निघालेला पाय बघून काकू म्हणाल्या, "अगं बाई, हा कोणाचा?" बारका, पांढुरका, सालपटं सुटलेला, पाण्यात विसरलेल्या मुळ्यासारखा.

दवाखान्यातल्या व्यायामबाई वयाने लेकीएवढ्या. त्यांनी सांगितलं, घोटा फिरवा, भिंतीला धरून टाचा उचला, आणि जमिनीवर टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करा, रोज वीस वेळा. घोटा-टाचा काकांनी इमानाने केल्या. टॉवेलवर मात्र ते उखडले. "रांगतं पोर आहे का मी?"

खरी गोष्ट निराळी होती. पहिल्याच दिवशी त्यांनी अंगठ्याला हुकूम सोडला होता आणि अंगठा ढिम्म हलला नव्हता. काका आतून टरकले. दोरा धरणारं बोटच गेलं, तर दुकानात बसून काय माश्या मारायच्या?

तोवर दोरा काकू धरायच्या, समोर स्टुलावर बसून.

"ताण! ढिला नको!"

"ताणते की! मी काय खुंटी आहे?"

मध्येच त्यांना डुलकी लागायची, दोरा सुटायचा आणि टोक फटकन काकांच्या नाकावर. असल्या दोऱ्याचे टाके उसवणार, म्हणून काका जाड बुटांची कामं घेईचनात.

पंधरा दिवसांनी बाईंनी विचारलं, "टॉवेल किती वेळा?"

"वीस," काका म्हणाले.

"झाला ना वीस वेळा गोळा," काकू म्हणाल्या. "हे लाथेनं भिरकावणार, गोळा करणार मी. हातानं."

बाई हसल्या, पण सोडलं नाही. शेवटी काकांनी अंगठ्याचं काम आणि मनातली धास्ती, दोन्ही सांगून टाकलं.

"हाड जुळलंय, काका. बोट आळसावलंय. घरी चामड्याची चिंधी आहे?"

"चिंधी? पोतंभर आहे!"

"मग टॉवेल राहू दे. चिंधी ओढा. दोरा मात्र मी सांगेन तेव्हाच."

मऊ चामडं पायाखाली आलं आणि अंगठा थरथरला. चौथ्या दिवशी चिंधीला एक सुरकुती पडली. काकांनी काकूंना चुलीपासून ओढून आणून ती दाखवली. मग रोज मोजणीवरून भांडण.

"सतरा!"

"सोळा. मघाशी टाचेनं ढकललंत, मी बघितलं."

महिन्याने दोऱ्याची परवानगी मिळाली. काकांनी अंगठ्यात फास अडकवला, टोक दातात धरलं, ताण दिला. पोटरी लटलट कापत होती, कपाळावर घाम. पण दोरा तिथेच. काकूंनी वाकून त्यावर टिचकी मारली. टणकन वाजला.

"हळू!" दातातला दोरा न सोडता काका पुटपुटले. "माझं बोट आहे ते."

"आत्ता झालं तुमचं," काकू म्हणाल्या. "इतके दिवस मीच होते."