त्या सिनेमातल्या बापावर अण्णांचा राग

आमच्या औरादमध्ये किस्से जमवायला कुठं हिंडावं लागत नाही. माझं कापडाचं दुकान बंद असलं की दुपारी शिवप्पा अण्णांच्या घरी जाऊन बसायचं, बस्स! फोटोग्राफर नागेश, रिटायर्ड कंडक्टर बाबुराव आणि मी, हे ठरलेले पाहुणे. अण्णांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, टीव्हीला पेन ड्राइव्ह लावतात आणि दर खेपेला तोच जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा सुरू होतो. सावकाराची पोरगी परजातीच्या मास्तरावर जीव लावते, मास्तरचा जिवलग दोस्तच चुगली करतो आणि बाप पोरीच्या तोंडावर दार लावतो.

दुसरा लावा म्हटलं तर अक्का म्हणतात, "ह्याच्यात दुसरा न्हाईच." आम्हाला ते कधी पटलं नाही.

* * *

सिनेमातल्या चुगलखोराला बारीक मिशी. नागेशलाही नेमकी तशीच! अण्णा त्याच्यासमोर घरचं काही बोलेनात. बिचाऱ्यानं वैतागून मिशी काढून टाकली.

अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आता तर पक्का संशय यायलाय. लपवायसारखं काय हुतं?"

* * *

अण्णांची एकुलती एक लेक महादेवी गुलबर्ग्याला कॉलेजात शिकवते. स्थळ आलं की तिचं "आत्ता नको." अण्णांनी गुपचूप तपासाला बाबुरावला धाडलं. गडी ढेकर देतच परतला.

"पोरगी गुणाची हाय अण्णा! वांग्याची भाजी काय केलती म्हनता!"

"वांगं?" अण्णा ताडकन उठले. "लहानपनापासनं तिला वांगं चालत न्हाई, अंगावर पित्त उठतंय. कुनासाठी शिकली?"

बाबुरावचा ढेकर तिथंच अडकला.

खरं तर आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. निर्णा गावचा किरण, तिच्याच कॉलेजातला, दुसऱ्या जातीचा. पण सांगणार कोण? सांगितलं की आम्हीच चुगलखोर! इकडं अण्णांनी भालकीचं स्थळ पक्कं करायला घेतलं. मला त्या पोरीसाठी फार वाईट वाटायचं.

* * *

आणि गंमत बघा, सिनेमातला बाप दार लावतो तिथं अण्णा हमखास रडायचे. वर टीव्हीला शिव्या! "काळीज हाय का दगुड?"

आतून अक्का विचारायच्या, "कुनाला म्हनायलाव?"

"त्या बापाला!"

"बरं," अक्का म्हणायच्या, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तोच सिनेमा.

* * *

मागल्या खेपेला मात्र कहर झाला. दुसऱ्या दिवशी भालकीची माणसं सुपारी फोडायला येणार होती. सिनेमातला बाप दाराकडं निघाला, अण्णांनी पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि आमच्या मागं कडी वाजली. नागेशनं दार उघडलं. महादेवी उभी, आणि शेजारी किरण!

अण्णांनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "कोन बोलवलं ह्यान्ला? आन नेमकं ह्याच टायमाला?"

आम्ही तिघांनीही कानाला हात लावले. टीव्हीवर दार धाडकन लागलं. अक्का बाहेर आल्या, रिमोटनं सिनेमा तिथंच थांबवला आणि नवऱ्याकडं बघत उभ्या राहिल्या.

अण्णांनी टीव्हीवरच्या त्या बंद दाराकडं पाहिलं. मग किरणला म्हणाले, "ह्यो सिनेमा बघितलायस का?"

"न्हाई, काका."

अण्णा सतरंजीवर सरकले, शेजारी जागा केली.

"मग ये, बस. अगं, पहिल्यापासनं लाव!"