दीड तास पुढचं घड्याळ

फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच. रक्कम अठ्ठावन्न रियाल, म्हणजे सासूबाईंचं रात्रीचं मुंबईचं तिकीट. हजर आम्ही दोघंच, मी आणि बायको, इथे आखातात, अझैबातल्या घरी लॅपटॉपसमोर. सासूबाई इब्राच्या पलीकडे एका गावात मेहुण्याकडे होत्या. शुक्रवारी मुंबईत त्यांच्या धाकट्या मुलीच्या बाळाचं बारसं होतं आणि त्यासाठी त्यांनी दोन महिने बसून गोधडी शिवली होती.

मेहुण्याच्या गावातून बाहेर पडायला एक वादी ओलांडावी लागते. वादी म्हणजे एरवी कोरडी असणारी नदी. डोंगरात पाऊस झाला की ती डोक्यावर स्वच्छ ऊन असतानाही भरून येते. मेहुण्याचा फोन आला, की डोंगराकडे काळं दिसतंय, इथे नेट चालत नाही, भाऊजी, तुम्ही कॅमेरा बघून सांगा.

कॅमेरा चाचांचा. चाचा रत्नागिरीकडचे, वादीच्या गावाकडच्या काठावर त्यांचं किराणा दुकान. चोरीसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात रस्ताही दिसतो. जो तो फोन करून वादीची चौकशी करायचा, म्हणून कंटाळून त्यांनी लिंकच सगळ्यांना देऊन टाकली. थोड्या थोड्या वेळाने एक फोटो येतो, कोपऱ्यात वेळ असते.

फोटोत रस्ता कोरडा ठणठणीत होता. कोपऱ्यात पाच पंचवीस. पाच मिनिटांपूर्वीचा फोटो म्हणजे ताजाच. मी मेहुण्याला निघायला सांगितलं आणि फोन ठेवला.

बायको अजून फोटोच बघत होती. मग उठून गॅलरीत गेली आणि परत आली.

"अहो, सूर्य टेकायला आलाय. आणि या खांबाची सावली एवढीशी कशी?"

मी म्हटलं, वेळ लिहिलेली आहे ना. ती म्हणाली, सावली काही लिहावी लागत नाही.

रुसैलच्या एका गोदामाचे हिशेब मी पाहतो. आकड्यापुढे सावली मांडलेली मला पटली नाही, पण चाचांना फोन लावला.

"कॅमेरा कसला बघताय? चारलाच लाईट गेलीय," चाचा म्हणाले.

"पण फोटोवर पाच पंचवीस आहेत."

"ते इंडियाचं टाइम हो, हिशोबनीस साहेब. घरी फोन करायला बरं पडतं."

म्हणजे फोटो इथल्या तीन पंचावन्नचा. मी विचारलं, आत्ता काय आहे. चाचा म्हणाले, वादी येऊन अर्धा तास झाला, रस्ता खलास. वर हेही म्हणाले, की पाणी गुडघाभर दिसलं की पोरं गाडी घालतात, आणि गाडी मग खाली कुठेतरी सापडते.

मेहुण्याचा फोन लागेना. मी चाचांना गाडीचा रंग सांगितला, पांढरा. ते म्हणाले, इथे सगळ्याच पांढऱ्या, सगळ्याच थांबवतो. बायकोने चहा टाकला आणि तो तसाच उकळत राहिला.

वीसेक मिनिटांनी चाचांचा फोन आला, पण बोलल्या सासूबाई. दुकानातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या माणसाने रस्त्यात आडवं उभं राहून गाडी अडवली म्हणाल्या, आणि चहा चांगला करतो. विमान चुकणार हे मी हळूच सांगितलं.

"बाळाला नाव एक दिवस उशिरा मिळालं तर ते काही रडणार नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारी करा म्हणावं."

सकाळी वादी ओसरली. दुपारी त्या अझैबात पोचल्या, गोधडी मांडीवर घेऊनच. चाचांना मी घड्याळ बदला म्हटलं, तर म्हणाले, मग घरी फोन करताना दीड तासाचा हिशोब मी करू का? तुम्हाला पगारच त्याचा मिळतो. चहाचे पैसेही घेतले नाहीत. आता फोटो उघडला की दीड तास मी वजा करतो आणि सावली बायको बघते.

शुक्रवारी रात्रीच्या विमानासाठी फरकाचे एकोणीस रियाल पडले. ते मी आमच्या गल्लीतल्या तिकीटवाल्याला रोख दिले.